सूर्यावरच्या शेकोट्या: एका तासाच्या डेटातून लहान चमका शोधायच्या आणि पारखायच्या कशा

३० मे २०२० रोजी सोलर ऑर्बिटर यानाने सूर्याच्या एका शांत भागाची जेमतेम चार मिनिटांची चित्रमालिका टिपली. दर ५ सेकंदांनी एक चित्र, आणि एका पिक्सेलमध्ये सूर्यावरचे सुमारे २०० किलोमीटर. तेवढ्या वेळात १,४६८ चमका सापडल्या. त्या ४०० ते ४,००० किलोमीटर लांबीच्या होत्या आणि १० ते २०० सेकंद टिकल्या. त्यांना नाव मिळालं 'कॅम्पफायर'. आपण शेकोटी म्हणू. तिथे जळत काहीच नसतं, तापलेला प्लाझ्मा क्षणभर उजळतो, एवढंच.

या घराण्यात आधीपासून बरीच मंडळी आहेत. १९१७ मध्ये फर्डिनंड एलरमनने हायड्रोजन-अल्फा रेषेच्या कडांवर पाहिलेले 'एलरमन बॉम्ब', सोहो यानाच्या वर्णपटांत दिसलेले 'ब्लिंकर', आयरिस यानाने टिपलेले अतिनील स्फोट. बरीचशी नावं कोणत्या यंत्राने काय दिसलं त्यावरून पडलेली आहेत, त्यामुळे नावांच्या वादात सुरुवातीला पडू नका. मुळातला प्रश्न जुना आहे. दीप्तिगोल, म्हणजे सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग, ५,८०० केल्विनच्या आसपास, आणि त्याच्या वरचं प्रभामंडळ, म्हणजे बाहेरचं विरळ वातावरण, दहा लाखांच्या पुढे. १९८८ मध्ये यूजीन पार्कर यांनी सुचवलं की ही उष्णता असंख्य 'नॅनोफ्लेअर' पुरवत असतील, प्रत्येकी साधारण १०चा २४वा घात इतके अर्ग (अर्ग हे ऊर्जेचं एकक). मग अशा लहान घटना खरंच पुरेशा आहेत का, हे मोजूनच ठरणार.

मोजणी घरच्या संगणकावर करता येते, डेटा फुकट आहे. चमक शोधायला एक दिवस पुरतो. ती चमक खरी आहे, तुमच्या उंबरठ्याने (किती उजळलं की चमक मानायची, त्या मर्यादेने) किंवा कॅमेऱ्याने घडवलेली नाही, हे दाखवायला पंधरा दिवस लागतात. या लेखात भर त्या पंधरा दिवसांवर आहे.

डेटा कोणता, किती

सुरुवात नासाच्या, सतत सूर्याकडे पाहणाऱ्या एसडीओ यानावरच्या 'एआयए' दुर्बिणींपासून करा. यान ११ फेब्रुवारी २०१० रोजी उडालं आणि तेव्हापासून जवळजवळ अखंड चित्रं देत आलं आहे. चार दुर्बिणी, ४०९६ × ४०९६ पिक्सेलचं चित्र, पिक्सेल ०.६ आर्कसेकंदाचा, म्हणजे सूर्याच्या मध्यभागी सुमारे ४३५ किलोमीटर. प्रत्यक्षात सुटं दिसतं ते दीड आर्कसेकंदापर्यंतच, म्हणजे हजार-अकराशे किलोमीटर. हा आकडा शेवटी ऊर्जा काढताना परत लागेल. प्रत्येक पट्टा म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश, आणि त्याचं नाव अँगस्ट्रॉममधल्या (नॅनोमीटरच्या दहाव्या भागांतल्या) तरंगलांबीवरून. अति-अतिनील पट्ट्यांत दर १२ सेकंदांना एक चित्र मिळतं, १६०० आणि १७०० अँगस्ट्रॉममध्ये दर २४ सेकंदांना.

हिशेब आधी करा, नाहीतर हार्डडिस्क भरते. १२ सेकंदांना एक म्हणजे तासाला एका पट्ट्याची ३०० चित्रं. पूर्ण चकतीची दाबलेली फाइल दहाएक एमबीची धरली, तर एक पट्टा तासाला ३ जीबी आणि सहा पट्टे १८ जीबी. उलट ५०० × ५०० पिक्सेलचा तुकडा कापून घेतला तर चित्रामागे फक्त १ एमबी. आमचा सल्ला असा की १७१ अँगस्ट्रॉमच्या पूर्ण चकतीच्या फायली घ्या, बाकी पट्ट्यांचे कापलेले तुकडे चालतील. कारण पुढे येतंच. एका पट्ट्यासाठी ८ जीबी मेमरीचा लॅपटॉप पुरतो. सहा पट्टे एकदम उघडायचे असतील तर १६ जीबी लागेल.

फायली स्टॅनफर्डच्या 'जेसॉक' भांडारातून येतात. ईमेल पत्ता एकदा नोंदवावा लागतो. पायथनमधल्या 'सनपाय' आणि 'एआयएपाय' या पोतड्यांत बाकीची हत्यारं आहेत. मोठी मागणी नोंदवण्याआधी 'जेहेलिओव्ह्यूअर'वर तो तास नुसता चित्रफितीसारखा पाहून घ्या. ग्रहणाचा काळ आहे का, मधे चित्रं गायब आहेत का, कोपऱ्यात मोठी ज्वाला फुटली आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. वसंत आणि शरद संपाताच्या आसपास काही आठवडे पृथ्वी एसडीओच्या आड येते आणि रोज काही वेळ डेटाच नसतो.

वेळ आणि जागा

पहिल्या सरावाला ३० मे २०२० हाच दिवस घ्या, जागतिक वेळेप्रमाणे १४:३० ते १५:३०, म्हणजे भारतीय वेळेप्रमाणे रात्री आठ ते नऊ. सौरचक्राचा नीचांक नुकताच होऊन गेलेला, सूर्य निवांत, आणि तुमच्या निकालाची तुलना करायला सोलर ऑर्बिटरची मालिका हाताशी. तुकडा चकतीच्या मध्याजवळचा निवडा. कडेकडे गेलं की प्लाझ्माची एकामागची एक वेटोळी एकाच पिक्सेलमध्ये येतात आणि क्षेत्रफळाला अर्थ राहत नाही.

वेळेबाबत दोन खड्डे आहेत, आणि त्यांत जवळजवळ प्रत्येक जण एकदा पडतो. पहिला, चुंबकीय नकाशे देणाऱ्या 'एचएमआय'च्या नोंदी आंतरराष्ट्रीय अणुवेळेत असतात, एआयएच्या जागतिक वेळेत. २०१७ पासून या दोन्हींत ३७ सेकंदांचा फरक आहे. दोन मिनिटं टिकणाऱ्या घटनेसाठी ३७ सेकंद म्हणजे फार झाले. दुसरा, सोलर ऑर्बिटर सूर्याच्या जवळ असतं, त्याला प्रकाश आधी मिळतो. त्या दिवशी ते ०.५५६ खगोलीय एकक अंतरावर होतं, त्यामुळे तीच चमक पृथ्वीजवळच्या एसडीओला सुमारे पावणेचार मिनिटांनी उशिरा दिसली. त्याच्या फायलीच्या मथळ्यात पृथ्वीवरची वेळही वेगळी दिलेली असते, तुलनेला तीच वापरा.

साफसफाई, आणि साफसफाईने खाल्लेल्या चमका

लेव्हल-१ (प्राथमिक दुरुस्ती झालेली) फाइल हातात आली की क्रम असा ठेवा: आधी काढून टाकलेले 'स्पाइक' परत घालणं, मग दुर्बिणीच्या रोखाची दुरुस्ती, मग सगळी चित्रं एका मापात आणि सरळ बसवणं, मग वयामुळे घटलेल्या संवेदनशीलतेची भरपाई, आणि शेवटी एक्स्पोजरने भागाकार. हा शेवटचा टप्पा विसरू नका. एक्स्पोजर सहसा २ ते २.९ सेकंदांचं असतं, पण कुठे मोठी ज्वाला फुटली की कॅमेरा ते आपोआप कमी करतो. भागाकार केला नाही तर अख्खा सूर्य एका चित्रात मंदावतो आणि पुढच्या चित्रात सगळीकडे 'चमका' सापडतात. मथळ्यातला दर्जाचा आकडा शून्य नसेल ती चित्रं सरळ बाजूला काढा.

पहिला टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि या विषयात नेमका तोच महाग पडतो. अवकाशातले भारित कण कॅमेऱ्यावर आदळले की एखाद-दुसरा पिक्सेल पांढराफटक होतो. लेव्हल-१ तयार करतानाच असे पिक्सेल हुडकून त्यांच्या जागी शेजाऱ्यांवरून काढलेली किंमत भरली जाते. हुडकण्याची खूण काय? शेजाऱ्यांपेक्षा एकदम खूप उजळ, आणि आकाराने चिमुकला. आपल्या शेकोटीचं वर्णनही शब्दशः हेच. म्हणून ती पद्धत अधूनमधून खऱ्या चमकेचं टोकच छाटते.

हे ओळखायचं कसं? चमकेच्या मधल्या पिक्सेलचा प्रकाश-आलेख काढा. किंमत चढत जाते, शेजारचे पिक्सेल शिखराला असतात, आणि नेमक्या त्याच चित्रात मधला पिक्सेल शेजाऱ्यांएवढा किंवा त्यांच्याखाली बसतो. पुढच्या चित्रात पुन्हा वर. मधोमध भोक पडलेल्या मेदुवड्यासारखी चमक दिसली की समजा, स्पाइक काढणारा हात तिथून फिरून गेला आहे. इलाज असा की डेटा मागवताना चित्राबरोबर 'स्पाइक्स' हा भागही मागायचा, आणि बाकी काहीही करण्याआधी त्या किमती मूळ जागी परत ठेवायच्या. त्या यादीतले पत्ते पूर्ण चकतीच्या पिक्सेल-क्रमांकांत असतात. १७१च्या पूर्ण फायली घ्या असं म्हटलं ते यासाठी. अर्थात स्पाइक परत आले की खरे कण-आघातही परत येतात. त्यांना पुढे वेळेच्या कसोटीवर बाद करू.

चार मिनिटांत एक पिक्सेल

सूर्य फिरतो. चकतीच्या मध्यावर विषुववृत्ताजवळची जागा तासाला सुमारे ९.४ आर्कसेकंद सरकते, म्हणजे जवळपास सोळा पिक्सेल. भागाकार करून पाहा, एक पिक्सेल पार करायला चार मिनिटं लागत नाहीत. स्थिर पिक्सेलचा आलेख काढलात तर एखादा कायम उजळ असलेला ठिपका त्यातून सरकत जाईल, आणि आलेखात चार-पाच मिनिटांची सुबक चमक उमटेल. चढ-उतार, शिखर, सगळं अगदी खऱ्यासारखं. फरक एवढाच, की तीच चमक पश्चिमेकडच्या पिक्सेलमध्ये चार मिनिटांनी, आणखी पुढच्यात आठ मिनिटांनी दिसते.

म्हणून तुकडा सूर्याबरोबर फिरवावा लागतो. जेसॉकच्या कापणी-सेवेत तसा पर्याय आहे, सनपायमध्येही अक्षांशानुसार वेगळा वेग धरून चित्र फिरवता येतं. पण पिक्सेलच्या अपूर्णांकाने चित्र सरकवताना शेजारच्या किमतींची सरमिसळ होते. नॉइज कमी दिसतो आणि शेजारचे पिक्सेल एकमेकांशी बांधले जातात. मधला मार्ग म्हणजे शोधाच्या पायरीला फक्त पूर्ण पिक्सेलने सरकवायचं, उरलेला अर्ध्या पिक्सेलपर्यंतचा फरक सोसायचा. एकेका चमकेचं बारीक मोजमाप करताना मात्र नीट सरकवलेली चित्रं घ्यायची. शेवटी पहिल्या आणि तीनशेव्या चित्राची तुलना करून सूर्यावरच्या उजळ भागांची जाळी जागच्या जागी आहे का ते बघा.

नॉइज आधी, उंबरठा मग

१७१च्या पट्ट्यात एका फोटॉनमागे कॅमेऱ्यात साधारण १.१७ मोजणी-एकक नोंदवलं जातं. समजा शांत पिक्सेलची किंमत १८० आहे. १८० भागिले १.१७, म्हणजे सुमारे १५४ फोटॉन. त्यांचं वर्गमूळ १२.४, परत १.१७ने गुणलं की १४.५. कॅमेरा वाचतानाचा नॉइज एकाच्या आसपास, तो यात बुडून जातो. गोळाबेरीज १५ धरा. म्हणजे आठ टक्क्यांचा चढ-उतार सूर्याने काहीही न करता दिसणार. इथे १८०वरून २९०ला गेलेली चमक सात सिग्माची, म्हणजे नॉइजच्या सातपट, भरते, २१०ला गेलेली फक्त दोनची. हा हिशेब एक्स्पोजरने भागण्याआधीच्या किमतींवर करायचा. भागल्यानंतरचा आकडा फोटॉनची मोजणी राहत नाही.

दुसऱ्या बाजूने प्रत्यक्ष आलेखातला चढ-उतार मोजा. प्रमाण विचलन घेऊ नका, ते चमकांमुळेच फुगतं. मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक घ्या आणि १.४८२६ने गुणा. हा आकडा फोटॉनच्या हिशेबाच्या जवळ आला तर उत्तम. दीडपट-दुप्पट आला तर त्या पिक्सेलमध्ये सूर्यच सतत हलतोय, तिथे उंबरठा प्रत्यक्ष आकड्यावरच बसवा. आणि तो फोटॉनच्या हिशेबाहून कमी आला, तर कुठेतरी चित्र गुळगुळीत झालंय. मागे जाऊन शोधा.

सगळीकडे एकच ठरावीक उंबरठा, उदाहरणार्थ ५० एककं, हा नवशिक्यांचा आवडता शॉर्टकट. त्याने उजळ जाळीवर ढीगभर खोट्या चमका मिळतात आणि अंधाऱ्या भागातल्या खऱ्या निसटतात. मग 'चमका जाळीवरच होतात' असा शोध लागतो, जो खरा असेलही, पण तुमच्या डेटाने दाखवलेला नसतो.

शोध

प्रत्येक पिक्सेलचा पाया, म्हणजे चमक नसतानाचं तेज, सरकत्या मध्यकाने काढा, खिडकी १०० चित्रांची, म्हणजे २० मिनिटांची. पाच मिनिटांची खिडकी घेतलीत तर तीन-चार मिनिटं टिकलेली चमक स्वतःच पाया होऊन बसते आणि नाहीशी होते. तासाभराची घेतलीत तर सावकाश उजळणारे ठिपके चमक म्हणून आत येतात. तासाच्या दोन्ही टोकांची दहा-दहा मिनिटं मोजणीतून वगळा, तिथे खिडकी अर्धीच असते.

आता पाया वजा करा आणि नॉइजने भागा. हातात ५०० × ५०० × ३०० असा साडेसात कोटी घरांचा ठोकळा येतो. उंबरठा तीन सिग्मा ठेवला तर निव्वळ योगायोगाने एक लाखाच्या वर घरं पार होतील. पाचवर ठेवला तर वीस-बावीस. म्हणून बीज पाच सिग्माचं, आणि त्याला लागून असलेली तीन सिग्मावरची घरं त्याच्यात मिळवायची, अशी दुहेरी पद्धत बरी. जागा आणि काळ या तिन्ही अंगांनी चिकटलेल्या घरांना एक क्रमांक देण्याचं काम सायपायमधलं 'लेबल' हे फंक्शन करतं. कोपऱ्याने टेकणारी घरंही शेजारी धरा, म्हणजे एकेकाला २६ शेजारी. जागेत किमान तीन पिक्सेल आणि काळात किमान सलग दोन चित्रं, ही अट घाला. कण-आघात एकाच चित्रात असतो, तो इथे गळतो. बारा सेकंदांहून लहान खऱ्या चमकाही गळतात, हे मात्र लिहून ठेवा.

यानंतरच्या दोन चाचण्या केल्याशिवाय कुणालाही आकडा सांगू नका. पहिली उलट्या डेटाची. पाया वजा केलेल्या ठोकळ्याचं चिन्ह बदला आणि तोच शोध पुन्हा चालवा. सूर्यावर अचानक 'अंधारणं' इतक्या संख्येने होत नाही, म्हणून इथे जे सापडेल ते बहुतेक नॉइजचं. सुलट्यात ६०० आणि उलट्यात १५ आले तर ठीक. ६०० आणि २५० आले तर उंबरठा वाढवा. फोटॉनची वाटणी वरच्या बाजूला किंचित लांब शेपटीची असते, त्यामुळे ही चाचणी खोट्या चमका थोड्या कमी दाखवते. शंका असेल तर शुद्ध फोटॉन-नॉइजचा नकली ठोकळा बनवून त्यावरही शोध चालवा.

दुसरी चाचणी पेरणीची. खऱ्या डेटात दोनशे नकली चमका पेरा. जागेत दोन-तीन पिक्सेल रुंदीच्या, काळात अर्ध्या मिनिटापासून तीन मिनिटांपर्यंत, तेज पायाच्या १० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत. त्यांचा नॉइजही घालायला विसरू नका. शोध चालवून किती परत मिळाल्या ते पाहा. ज्या तेजाला दहातल्या नऊ परत मिळतात, ती तुमची विश्वासाची रेषा. तिच्याखालच्या चमका यादीत असू द्या, पण संख्याशास्त्रात घेऊ नका.

यादी तयार झाली की निदान शंभर चमका डोळ्यांनी पाहा. प्रत्येकीचे आधीचे दोन, मधले आणि नंतरचे दोन असे चौकोन एका ओळीत मांडले की शंभर चमका अर्ध्या तासात होतात. एकाच वेटोळ्याचं दोनदा लुकलुकणं कुठे एक घटना झालंय आणि कुठे दोन, हे इथेच लक्षात येतं. मधे किती चित्रं उंबरठ्याखाली गेली तर दोन घटना मानायच्या, हा नियम आधी ठरवा आणि नंतर बदलू नका.

तापमान: सगळे पट्टे एकदम उजळले तर

१७१चा पट्टा सहा-सात लाख केल्विनला सर्वांत संवेदनशील, १९३ साधारण पंधरा लाखांना, २११ वीस लाखांना, ३०४ पन्नास हजारांच्या आसपास. तापलेलं वेटोळं निवत गेलं तर चमक आधी २११मध्ये, मग १९३मध्ये, मग १७१मध्ये शिखर गाठायला हवी. बहुतेक लहान शेकोट्यांत असं होत नाही. सगळे पट्टे एकदम उजळतात, एकदम विझतात.

याचा अर्थ 'सगळी तापमानं एकदम आली' असा घाईने काढू नका. या सर्व पट्ट्यांना दोन-चार लाख केल्विनच्या थंड प्लाझ्माचीही थोडी संवेदनशीलता आहे. तेवढ्यावरच ते सगळे एकत्र उजळू शकतात, म्हणजे घटना कदाचित दहा लाखांपर्यंत पोचलेलीच नसते. म्हणून गुणोत्तरं काढताना चमकेतून आधीची पार्श्वभूमी वजा केलीच पाहिजे, नाहीतर तुम्ही मागच्या शांत प्रभामंडळाचं तापमान शेकोटीच्या नावावर खपवाल. ९४ आणि ३३५ अँगस्ट्रॉममध्ये शांत सूर्य इतका फिका असतो की एकेका पिक्सेलवर भरवसा ठेवता येत नाही, पूर्ण चमकेची बेरीज करा.

आणखी एक. १९३ व २११ एकाच दुर्बिणीवर आहेत, १३१ व ३३५ दुसऱ्या एकीवर. एका दुर्बिणीवरचे दोन पट्टे आळीपाळीने टिपले जातात, त्यामुळे वेळा काही सेकंदांनी वेगळ्या असतात. प्रत्येक चित्राची खरी वेळ वापरा, आणि १२ सेकंदांहून लहान विलंब निकाल म्हणून लिहू नका.

पायाखाली चुंबक काय करतोय

एचएमआयचे दर ४५ सेकंदांचे नकाशे घ्या. मूळ फायलीत सूर्य जवळजवळ उलटा असतो, उत्तर खाली. फिरवून घेतला नाही तर तुमच्या चमका दक्षिण गोलार्धातल्या ठिपक्यांवर बसतात, आणि गंमत म्हणजे थोडाफार मेळही लागल्यासारखा वाटतो. पिक्सेल ०.५ आर्कसेकंदाचा, तो एआयएच्या मापात आणा. मग १७०० अँगस्ट्रॉमचं चित्र आणि चुंबकीय क्षेत्राचं निरपेक्ष मूल्य एकमेकांवर ठेवून जुळणी तपासा. उजळ जाळी आणि चुंबकीय जाळी एकावर एक बसली पाहिजेत.

एका नकाशात पिक्सेलमागे सुमारे १० गॉस नॉइज असतो. चार-पाच नकाशांची सरासरी घेतली की शांत भागातले दुबळे ठिपके वर येतात. बघायचं हे की चमकेखाली विरुद्ध ध्रुवतेचे दोन ठिपके जवळ येऊन झिजत आहेत का. बऱ्याच शेकोट्यांखाली असं सापडतं. पण शांत सूर्यावर असे ठिपके सगळीकडेच सांडलेले असतात, म्हणून तुलनेसाठी तेवढ्याच यादृच्छिक जागा निवडून तिथेही तेच मोजा.

ऊर्जेचा आकडा

उष्णतेची ऊर्जा म्हणजे तीन गुणिले इलेक्ट्रॉन-घनता, गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक, गुणिले तापमान, गुणिले आकारमान. २,००० किलोमीटर लांब आणि ५०० किलोमीटर जाड नळी धरा. आकारमान साधारण ३९ कोटी घन किलोमीटर. तापमान १३ लाख केल्विन, घनता घनसेंटिमीटरला १०० कोटी. उत्तर येतं २ गुणिले १०चा २३वा घात अर्ग, पार्कर यांच्या नॅनोफ्लेअरचा पाचवा हिस्सा.

यातलं सर्वांत कच्चं माप म्हणजे जाडी. एआयएला हजार किलोमीटरच्या आतलं सुटं दिसतच नाही, मग ५०० किलोमीटरची नळी हजाराची भासते आणि आकारमान चौपट होतं. सुदैवाने घनता आपण तेजावरूनच काढतो. तेज तेच राहिलं तर आकारमान वाढताच घनता त्याच्या वर्गमुळाने घटते, म्हणून ऊर्जा चौपट न होता दुप्पटच होते. तरीही दुप्पट म्हणजे दुप्पट, तेव्हा दशांशाचे तीन आकडे लिहू नका.

आता जमाखर्च मांडा. शांत प्रभामंडळ तापतं ठेवायला दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला सुमारे ३ लाख अर्ग लागतात. तुमचा तुकडा २ लाख १७ हजार किलोमीटर बाजूचा, वेळ एक तास. गुणाकार ५ गुणिले १०चा २९वा घात. वरच्या मापाच्या शेकोट्या लागतील तासाला चोवीस लाख. यादीत शेकड्यांनी किंवा फार तर हजारांनी असतात. निव्वळ उष्णतेचा हा आकडा खालची मर्यादा आहे, कारण चमक टिकते तोवर ती ऊर्जा उधळतही असते, तरी दरी किती मोठी आहे ते दिसतं.

ती दरी न दिसणाऱ्या, आणखी लहान चमका भरतात का, हे घातनियमाच्या उतारावर, म्हणजे ऊर्जा घटत जाते तशी घटनांची संख्या किती झपाट्याने वाढते त्यावर, ठरतं. उतार २हून जास्त असेल तर लहानांचं पारडं जड, कमी असेल तर मोठ्यांचं. आलेखावर पट्टी ठेवून उतार काढू नका. विश्वासाच्या रेषेवरच्या प्रत्येक ऊर्जेला किमान ऊर्जेने भागून लॉगरिदम घ्या, बेरीज करा, घटनांच्या संख्येला त्या बेरजेने भागा आणि एक मिळवा. त्रुटी म्हणजे उतारातून एक वजा करून संख्येच्या वर्गमुळाने भागलेला आकडा. उतार १.८ आणि घटना ४०० असतील तर त्रुटी ०.०४. घटना २५च असतील तर ०.१६, आणि मग १.९ की २.१ हा वाद घालण्यात अर्थ नाही. किमान ऊर्जा थोडी वर-खाली करून पाहा. उतार सरकत राहिला तर तो सूर्याचा नसून तुमच्या उंबरठ्याचा आहे.

दुसऱ्या डोळ्यांनी

चांद्रयान-२ वरच्या 'एक्सएसएम' या क्ष-किरण मापकाने २०१९-२० च्या नीचांकात, सूर्यावर सक्रिय भाग नसलेल्या ७६ दिवसांत ९८ सूक्ष्म ज्वाला टिपल्या. तो सगळ्या सूर्याचा मिळून एकच आकडा देतो, जागा सांगत नाही, त्यामुळे वेळ जुळली की एआयएच्या चित्रांत जागा शोधावी लागते. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ-खगोल संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए रेडिओ दुर्बिणीच्या डेटातून शांत सूर्यावरचे सेकंदाहून कमी टिकणारे क्षीण रेडिओ स्फोट दाखवले. तिथे अडचण उलटी आहे, काळ बारीक पण जागा ढोबळ. आणि आदित्य-एल१ वरची, पुण्यातच आयुकामध्ये घडवलेली 'सूट' दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये ११ गाळण्यांतून सूर्य पाहते. मॅग्नेशियमच्या २७९.६ नॅनोमीटरच्या चित्रात तुमच्या चमकेचं वर्णगोलातलं (दीप्तिगोलाच्या लगेच वरच्या थरातलं) मूळ दिसतं का, हे तपासता येईल. इस्रोच्या 'प्रदान' संकेतस्थळावर नाव नोंदवून डेटा मिळतो.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे. प्रत्येक घटनेसमोर सुरुवात, शिखर आणि शेवट जागतिक वेळेत, सौर अक्षांश-रेखांश, पिक्सेल-संख्या, सिग्मामधलं शिखर, स्पाइक परत घातले होते की नाही, आणि सनपाय व एआयएपायच्या आवृत्त्या एवढे रकाने भरा. बाद केलेल्या घटनांची यादी वेगळी ठेवा आणि प्रत्येकीपुढे कारण एका शब्दात लिहा: कण, सरक, कड, एक्स्पोजर.